विषय: घरात बसून कंटाळलेली लहान मुलं

नमस्कार मंडळी,

बाहेर जाता येत नाही असे दिवस सुरू झालेत. मुलगा चार वर्षांचा, मुलगी दोनची. संध्याकाळ झाली की सोफ्यावरून उड्या, मग ढकलाढकली, मग रडारड. घर वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे खाली आवाज जाईल याची सतत धास्ती. नवीन खेळणी आणायची नाहीत. घरातल्याच वस्तूंनी दोघांचं अंग चांगलं हलेल असं काही सुचवाल का?

---

उत्तर: घरात बसून कंटाळलेली लहान मुलं

ताई,

मी बालवाडीत शिकवते, त्या अनुभवावरून लिहिते. उड्या आणि ढकलाढकली ही या वयात अंगाची भूक असते. स्नायूंवर, सांध्यांवर जोर पडला की मुलांना बरं वाटतं. तो जोर कुठेच मिळाला नाही की ती एकमेकांच्या अंगावर पडतात. म्हणून "धावू नका" म्हणत बसण्यापेक्षा त्यांना वजन द्या. नुसतं पळवलं तर मुलं आणखी चेकाळतात; ओढायला, ढकलायला, उचलायला दिलं की बरीचशी आपोआप निवतात.

धुण्याच्या कपड्यांची टोपली घ्या. तळाशी चार-पाच जाड पुस्तकं, वर मऊ खेळणी. ही झाली बस. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलत न्यायची. वाटेत घडी केलेले टॉवेल ठेवा, ते थांबे. प्रत्येक थांब्यावर एक प्रवासी उतरवायचा, एक चढवायचा. मुलगा ढकलत असताना जरा बघा: पाय मागे रोवलेले, कोपरं ताठ, मान खाली, जीभ किंचित बाहेर. सगळं अंग कामाला लागलेलं असतं, आणि पाय आपटत नाहीत, म्हणजे खालच्यांनाही त्रास नाही. टोपली सहज सरकायला लागली की एक पुस्तक वाढवा. फरशी गुळगुळीत असेल तर अनवाणीच खेळू द्या, मोज्यांवर पाय निसटतो.

मोजे मात्र दुसऱ्या खेळाला हवेतच. त्यांचे गोळे करून खोलीभर पसरा. टोपली एका टोकाला, आणि एका वेळी एकच गोळा आणायचा. ही "एकच"ची अट सोडू नका, सगळे फेरे त्या अटीमुळेच होतात. पहिल्यांदा चालत, मग गुडघ्यांवर रांगत, मग गोळा पोटावर ठेवून खेकड्यासारखं उलटं. खेळ तोच असतो, फक्त चाल बदलते, आणि मुलांना तेवढं नावीन्य पुरतं.

---

उत्तर: घरात बसून कंटाळलेली लहान मुलं

बालवाडीच्या ताईंशी अगदी सहमत. माझी थोडी भर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात निदान १८० मिनिटं हालचाल व्हावी. ३-४ वर्षांच्यांसाठी त्यातली किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचालीची. आकडा बघून घाबरू नका, ही वेळ दिवसभरात विखुरलेली चालते. सकाळी दहा मिनिटं, जेवणाआधी पंधरा, असं करत सहज जमतं.

आमच्याकडे रंगकामाची कागदी चिकटपट्टी सगळ्यात जास्त वापरली जाते. जमिनीवर एक लांब नागमोडी रेघ. तिच्यावरून टाच-अंगठा जोडत चालायचं, हातात पाण्याने अर्धा भरलेला प्लास्टिकचा पेला. पेला आला की पावलं आपोआप हळू पडतात, पोट आवळलं जातं, नजर स्थिर होते. तोल सांभाळायला शिकवणारा याहून चांगला खेळ मला माहीत नाही. (सांडलेलं पाणी लगेच पुसा. पुसायलाही मुलांनाच लावा, हातांना तेवढाच व्यायाम.)

एक कळकळीची विनंती: घरात उडवायला फुगे सगळेच सुचवतात, पण दोन वर्षांच्या मुलीजवळ नकोत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेत अडकला तर काढणं फार कठीण. त्याऐवजी हलका रुमाल वर उडवा आणि झेला. तो सावकाश खाली येतो, लहान हातांना पकडता येतो. आणि टॉयलेट पेपरच्या नळीतून आरपार जाईल इतकी छोटी कुठलीही वस्तू खेळात घेऊ नका.

---

उत्तर: घरात बसून कंटाळलेली लहान मुलं

दोघांचेही मनापासून आभार. बस आज सुरू झाली! अडचण एकच: धाकटी मध्येच येऊन प्रवासी काढून घेते आणि दादाचा पारा चढतो. वेगवेगळं खेळवायला माझ्याकडे दोन माणसं नाहीत.

---

उत्तर: घरात बसून कंटाळलेली लहान मुलं

ताई, तिला "काढून टाकणं" हेच काम द्या. या वयात भरण्यापेक्षा रिकामं करण्यात जास्त मजा वाटते. दादा बस आणेल, ती शेवटच्या थांब्यावर उभी राहून सगळे प्रवासी उतरवेल आणि एकेक करून पलंगावर नेऊन ठेवेल. म्हणजे तिची लुडबुड खेळाचाच भाग होते, आणि दादाला पुढच्या फेरीसाठी प्रवासी गोळा करायचं निमित्त मिळतं. शर्यत लावू नका, कोण पहिला हेही विचारू नका. दोन वर्षांचा फरक असताना शर्यतीचा शेवट भांडणातच होतो.

झोपेच्या आधीच्या अर्ध्या तासात उड्या नकोत. गोधडी पसरा, एकाला कडेला आडवं करून गुंडाळा, डोकं आणि चेहरा पूर्ण बाहेर ठेवून. मग उशीने पाठीवर, पायांवर हळूहळू दाबा. दाब किती हवा ते त्यालाच विचारा आणि "पुरे" म्हटलं की लगेच सोडा. मग दुसऱ्याची पाळी. पुस्तकं परत कपाटात ठेवायचं कामही त्या आधीच उरकून घ्या, दोन्ही हातांनी, एका वेळी एक.