टार्गेटसाठी एफएमजे पुरे, की मॅच बुलेटच हवी?

निपाणीकर : आपल्या निपाणी-खानापूरकडची पोरं अमेरिकेत गेली की तिथं रायफल घेतात, रीलोडिंगचा (वापरलेलं काडतूस पुन्हा भरायचा) प्रेस मांडतात आणि लगेच स्पर्धेसाठीच्या महागड्या मॅच बुलेटांवर पैसे उडवतात. १०० मीटरवर कागद फोडायला साधी फुल मेटल जॅकेट (एफएमजे, शिशावर धातूचं कवच असलेली बुलेट) पुरे. .२२३ च्या रायफलीला ५५ ग्रेन (बुलेटच्या वजनाचं माप), .३०८ ला १४७ ग्रेन. सराव बैठकीचा, श्वासाचा आणि ट्रिगरचा असतो. २ एमओएचा (कोनाचं माप) गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, १०० मीटरवर ५.८ सेंटीमीटर भरतो, शिकाऊचा हात त्याहून जास्त हलतो.

कॅम्प रोड : १०० मीटरपुरतं मान्य. ३०० वर काय करणार ओ? आंतरराष्ट्रीय ३०० मीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळ १० सेंटीमीटरचं, आणि तुमचा तोच गट तिथं साडेसतरा होतो. नेम बिनचूक असूनही काही गोळ्या नऊत जाणार. मग चूक हाताची की बुलेटची, हे कळणार कसं?

दोष बनावटीतच आहे. एफएमजेचं कवच नाकाशी बंद आणि बुडाशी उघडं, शिसं तिथं दिसतं. मॅच बुलेटचं उलट : बूड सलग, नाकाला बारीक भोक. नळीच्या तोंडाशी वायू बुडावर जोर देतो. बूड जरा तिरकं असलं तरी बुलेट डगमगत निघते.

निपाणीकर : मग तोलून निवडा की. वजनाप्रमाणे ढीग लावले की झालं.

कॅम्प रोड : तराजूला बूड दिसत नाही. १४७ ग्रेनमध्ये १ ग्रेनचा फरक म्हणजे पाऊण टक्काही नाही. निवडायचंच तर कंपॅरेटर (लांबी मोजायचं साधन) लावून बुडापासून नाकाच्या वळणापर्यंतची लांबी मोजा. तेवढा वेळ घालवण्यापेक्षा स्पर्धेपुरत्या मॅच बुलेट घ्या.

चिक्कोडीचा अण्णा : दोघंही नळीचा पीळ विसरलात. १२ इंचाला एक फेरा असलेल्या .२२३ मध्ये ५५ ग्रेन छान चालते. त्याच नळीत ७७ ग्रेनची मॅच बुलेट घातली तर ती आडवी होते, कागदावर लांबुळकी भोकं पडतात. तिला ७ किंवा ८ इंचाचा पीळ लागतो. खरं तर वजनापेक्षा लांबी महत्त्वाची.

खाचेचंही बघा. बऱ्याच एफएमजेला मध्ये कोरलेली खाच असते, केसचं (काडतुसाच्या नळकांड्याचं) तोंड तिथं दाबून बसवायला. सेमी-ऑटोमध्ये तिचा उपयोग होतो. बोल्ट रायफलीत एकेक राउंड भरणाऱ्याला गरज नाही. बिनखाचेच्या बुलेटवर जोरात क्रिम्प केलं, म्हणजे तोंड दाबलं, तर कवच चेपतं, गट पसरतो.

आणि ६२ ग्रेन हिरव्या टोकाची स्वस्त मिळाली म्हणून उचलू नका. तिच्यात पोलादी तुकडा असतो. लोखंडी टार्गेटला खड्डे पडतात, ठिणगीनं वाळलेलं गवत पेटतं, म्हणून बरेच रेंज ती आत येऊ देत नाहीत. चुंबक लावून तपासतात, पण तांब्याचा मुलामा दिलेलं पोलादी कवचही चुंबकाला चिकटतं. त्यामुळे आतलं शिसंच असलं तरी रेंजवाला परत पाठवू शकतो. डबा घ्यायच्या आधी रेंजचा नियम विचारा.

टिळकवाडी : हे वाचून बेळगावात कुणी प्रेस आणि डाय (काडतूस घडवायचा साचा) मागवेल म्हणून सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. घरच्या टेबलावरचं रीलोडिंग इथं नाही म्हणजे नाही.

आणि इथली पोरं नेमबाजी शिकतात ती एअर रायफल आणि .२२ वर. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं ऑलिंपिक कांस्य ५० मीटरचंच. तिथं एफएमजेचा प्रश्नच नाही : नियमानं शिशाची किंवा तशाच मऊ धातूची बुलेट लागते, आणि .२२ चं स्फोटक केसच्या कडेत असल्यामुळे ती पुन्हा भरण्याजोगी नसते. लॉट (एकाच खेपेत बनलेला माल) निवडणं हीच तिथली कसोटी. रायफल क्लॅम्पमध्ये बांधून प्रत्येक लॉटचे गट पाडा, जमलेला लॉट हंगामभराचा एकदम घ्या. एअर रायफलच्या पेलेटलाही (छर्र्यालाही) डोक्याचं माप ४.४९ की ४.५० मिमी, हे नळीच ठरवते.

निपाणीकर : कायद्याचं बरोबर, माझी पोस्ट बाहेरच्यांसाठीच होती. लॉटचं मात्र एफएमजेलाही लागू आहे. डबा बदलला की झिरो (नेमाची जुळणी) तपासा, दोन लॉट एका ट्रेमध्ये मिसळू नका. १०० मीटरच्या सरावाला मी अजूनही ५५ ग्रेनच सांगेन.

कॅम्प रोड : सांगा की. फक्त त्या गटावरून पोराला "तुझा ट्रिगर वाईट" म्हणू नका.