अनुभव धागा : स्टेशन कुठे हवं, जिना कुठे उतरायला हवा?

मंडळी, मी अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे राहते. गच्चीत उभं राहिलं की लोकल दिसते, रात्री तिचा भोंगा ऐकू येतो. पण ती पकडायची तर शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहून अंबरनाथ गाठायचं. घर ते प्लॅटफॉर्म पाऊण तास सहज जातो. धापा टाकत मी जी गाडी पकडते, ती थोड्याच वेळापूर्वी आमच्या दारावरून गेलेली असते. बारा वर्षं असंच चाललंय.

आता आमच्या बाजूला चिखलोली स्टेशनाचं काम सुरू आहे. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाचंही काम चालू आहे. संध्याकाळी मी आणि माझे सासरे तिथवर फेरी मारतो. सासऱ्यांनी उभा जन्म लोकलमध्ये काढला. परवा काठीने जमीन दाखवत म्हणाले, "सूनबाई, गवत कुठे मेलंय बघ. माणसं तिथूनच चालतात. जिना तिथे उतरला पाहिजे." तेव्हाच हा धागा काढायचं ठरवलं.

तर लिहा. तुमचं स्टेशन कुठे आहे, कुठे असायला हवं होतं, नूतनीकरणात काय खरंच सुधारलं आणि काय राहून गेलं. नव्या फरशीचे आणि रंगाचे फोटो पुष्कळ बघितलेत. मला चालण्याबद्दल ऐकायचंय.

कळवा

कळव्यात राहतो, नोकरी घणसोलीला. सकाळी आधी उलट दिशेने ठाण्याला जायचं, उतरून पूल चढायचा, गर्दीतून वाट काढत ९-१० नंबरचा प्लॅटफॉर्म गाठायचा आणि वाशी-पनवेलची गाडी धरायची. ती गाडी सुटते आणि विटाव्यावरून, म्हणजे माझ्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरून पुढे जाते. ठाणे-वाशी मार्ग २००४ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याणचे नवी मुंबईत कामाला जाणारे सगळे ठाण्यात उतरतायत. त्यातल्या बऱ्याच जणांचं ठाण्यात काहीच काम नसतं. कळवा-ऐरोली जोडमार्ग झाला असता तर ही माणसं ठाण्याच्या पुलावर आलीच नसती.

त्या प्रकल्पातलं दिघा गाव स्टेशन तेवढं १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं. मी आता रिक्षाने दिघ्याला जातो. पंधरा-वीस मिनिटं वाचतात, शिवाय ठाण्याचा पूल चुकतो. मुलगी म्हणते, बाबा हल्ली घरी आल्यावर बोलतात.

ठाणे पश्चिम

कळव्याच्या भाऊंशी शंभर टक्के सहमत. ठाण्याची गर्दी एकट्या ठाण्याची नाहीच. ३१ मे २०२४ पासूनचा तो ६३ तासांचा ब्लॉक, म्हणजे मार्ग बंद ठेवून केलेलं काम, आठवतोय ना? त्यात पाच नंबरचा प्लॅटफॉर्म दोन-तीन मीटर रुंद झाला. बाहेरच्या माणसाला वाटेल, दोन-तीन मीटरने काय होतंय. संध्याकाळी फास्ट गाडीतून उतरून बघा. आधी उतरणारे आणि चढणारे एकमेकांच्या छातीवर यायचे, आता त्यांच्या मधून एक रांग सरकते. त्या तीन दिवसांचे हाल मीही काढलेत, पण ते काम करण्यासारखंच होतं.

ठाणे-मुलुंडच्या मधे मनोरुग्णालयाच्या जागेवर नवीन स्टेशन व्हायचंय, त्याची वाट बघतेय. घोडबंदर पट्ट्यात गेल्या पंचवीस वर्षांत टॉवरच टॉवर उभे राहिले. तिथल्या माणसाने गावाच्या जुन्या बाजारातून वाट काढत ठाणे स्टेशनलाच का यायचं?

लोअर परळला नोकरी, राहणार नालासोपारा

हे लिहू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं.

२९ सप्टेंबर २०१७ ला मी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या त्या पुलावरून सव्वादहाच्या सुमारास गेलो. ऑफिसात चहा घेत होतो तेव्हा फोन यायला लागले. अचानक जोराची सर आली, लोक भिजायला नको म्हणून जिन्यावरच थांबले, मागून एकामागोमाग गाड्यांची गर्दी येत राहिली. चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. माझ्या रोजच्या डब्यातली मंडळी सुखरूप होती, पण ते कळेपर्यंतचा अर्धा तास मी विसरणार नाही.

तो जिना गिरण्यांच्या काळाचा होता. तेव्हा कामगार बहुतेक आसपासच्या चाळींतून पायी यायचे, भोंगा झाला की लोंढा रस्त्यावर दिसायचा. गिरण्या गेल्या, त्याच जमिनींवर काचेची ऑफिसं आली, आणि तिथे काम करणारी माणसं वसई-विरार, कल्याण-कर्जतहून गाडीने यायला लागली. म्हणजे चाळीतून येणारा लोंढा आता जिन्यावरून येऊ लागला, आणि जिना होता तेवढाच राहिला. वस्तीचा धंदा बदलतो तेव्हा स्टेशनाचं माप पुन्हा घ्यायला हवं, हे माझं अगदी मनापासूनचं म्हणणं आहे.

नंतर लष्कराने पूल बांधले. एल्फिन्स्टन, करी रोड आणि आंबिवली, तिन्ही २७ फेब्रुवारी २०१८ ला खुले झाले. जुलैमध्ये स्टेशनाचं नाव प्रभादेवी झालं. मार्च २०१९ पासून शेजारच्या परळहून गाड्या सुटायला लागल्या, त्यामुळे संध्याकाळी कल्याणकडे जाणाऱ्यांना बसायला मिळायला लागलं. आता सप्टेंबर २०२५ पासून रस्त्याचा जुना पूलही बंद झालाय, त्यामुळे पूर्व-पश्चिम करणारेही रेल्वेच्या पुलांवर येतात. पाऊस आला की मी अजूनही जिन्याच्या तोंडाशी थांबत नाही. छत्री असो नसो, खाली उतरून रस्त्यावर जातो. बायकोलाही तेच सांगून ठेवलंय.

धागाकर्ती

दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत.

वाशी, सेक्टर १७

आमचा अनुभव अगदी उलटा आहे. मानखुर्द-वाशी गाडी १९९२ मध्ये सुरू झाली, त्यानंतर वर्षभराने आम्ही चेंबूरहून इकडे आलो. इथे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने रेल्वेच्या खर्चातला मोठा वाटा उचलला आणि शहर उभं राहत असतानाच स्टेशनं बांधली. त्यामुळे सगळंच ऐसपैस. भुयारी मार्गात चार जणी हातात हात घालून चालू शकतील एवढी जागा, बाहेर बसला वळायला मैदान, वर ऑफिसं. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा प्लॅटफॉर्मवर उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, इथे धक्का कोणी देत नाही."

पण सगळंच गोड सांगणार नाही. मोकळ्या जागेलाही माणसं लागतात. सुरुवातीला रात्री साडेनऊनंतर त्या मोठ्या आवारातून बाहेर पडताना मी पिशवी पोटाशी धरायचे. पुढे भाजीवाल्या बसायला लागल्या, वडापावची गाडी आली, आणि भीती गेली. उलवेला खारकोपर स्टेशन नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालं तेव्हा बहिणीकडे जाताना मला तेच जुने दिवस आठवले. मोठं स्टेशन, आणि उतरल्यावर रिक्षाच नाही. जानेवारी २०२४ पासून गाडी उरणपर्यंत जाते, आता तिकडे वर्दळ आहे. स्टेशन आधी आणि वस्ती नंतर हा क्रम मला पटतो. फक्त पहिली काही वर्षं दिवे, पोलीस आणि बस यांची सोय पुरती हवी. ती वर्षं बायकांना जड जातात.

कुबड्या वापरतो, रोजचा प्रवासी

स्टेशनाचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे लिफ्ट झाली तेव्हा मी पेढे वाटले होते. खरंच वाटले होते. मग लक्षात आलं, लिफ्ट प्लॅटफॉर्मच्या कल्याण बाजूच्या टोकाला आहे आणि माझा अपंगांचा डबा थांबतो तो बराच पुढे, मुंबईच्या बाजूला. बारा डब्यांची गाडी म्हणजे अडीचशे मीटरच्या वर लांबी. त्यातलं निम्मं तरी मी कुबड्यांवर कापतो, समोरून उतरलेली गर्दी अंगावर येत असताना. जिना मात्र डब्याच्या समोरच आहे. म्हणून बऱ्याचदा मी लिफ्ट सोडून जिनाच चढतो. ४४ पायऱ्या. प्रत्येक पायरीवर आधी उजवी कुबडी, मग डावी, मग शरीर.

जिथे आमचा डबा थांबतो तिथे वर पिपाणीसारखा बीप-बीप आवाज देणारं यंत्र असतं. अंध प्रवाशांना त्यावरून जागा कळते. माझा एक अंध मित्र त्या आवाजाला 'माझी घंटा' म्हणतो. लिफ्ट बांधण्याआधी ती घंटा कुठे वाजते हे कोणीतरी ऐकायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. २०१४ नंतर न्यायालयाने लक्ष घातलं आणि प्लॅटफॉर्मची उंची वाढवली गेली, त्याने माझं आयुष्य बदललं. आधी गाडीत चढताना मला कोणीतरी काखेत धरून वर ओढायचं. आता मी माझा मी चढतो.

नाहूर

आमचं छोटं. भांडुप आणि मुलुंडच्या मधे २००६ मध्ये नाहूर झालं. त्याआधी आई मुलुंडहून दोन पिशव्या घेऊन चालत यायची. स्टेशन झालं त्या वर्षी तिने पहिल्यांदा दादरहून फुलं आणायला सुरुवात केली. बस एवढंच.

वैतरणा

शहरातल्या लोकांचं वाचून बरं वाटलं, पण थोडं आमचंही ऐका. मी वाढीव गावच्या बाजूला शिकवायला जायचो. वैतरणा आणि सफाळ्याच्या मधे, खाडीच्या पाण्यात वसलेलं गाव. विरार-डहाणू लोकल एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाली, रोज कितीतरी गाड्या गावाला लागून जातात, पण गावात एकही थांबत नाही. वैतरणा स्टेशनला उतरायचं आणि रेल्वेच्या पुलावरून रुळांच्या कडेने चालायचं. खाली खाडी. मागून गाडी आली की कठड्याला पाठ चिकटवायची आणि चप्पल पायातून निसटू द्यायची नाही. शाळेतल्या मुलांना हे कोणी शिकवावं लागत नाही, चालायला लागल्यापासून येतं.

गाडीतून लोक भक्तिभावाने नारळ आणि निर्माल्य खाडीत टाकतात. त्या वेगात आलेला नारळ पुलावरच्या माणसाला लागला तर काय होईल, याचा विचार करा. माझ्या खांद्याला निर्माल्याची पिशवी लागली होती, आठवडाभर हात उचलत नव्हता. कृपा करून गाडीतून काही फेकू नका. वाढीवला थांबा मिळावा ही मागणी जुनी आहे. लोकवस्ती कमी म्हणून तिकिटं कमी खपतील, हे खरंच आहे. पण बाळंतिणीला पुलावरून न्यायचं असतं तेव्हा तिकिटांचा हिशोब मला सुचत नाही.

दादर

गेल्या महिन्यात गावाहून आत्या आली. डिसेंबर २०२३ मध्ये दादरचे नंबर बदलले, पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले, हे तिला ठाऊक नव्हतं. पण तिने सहज विचारून विचारून बरोबर प्लॅटफॉर्म गाठला. पूर्वी 'एक नंबर' म्हटलं की 'कुठला एक नंबर?' असं विचारावं लागायचं आणि गावाकडची माणसं हमखास चुकायची. पाट्या बदलण्याचाच काय तो खर्च, पण उपयोग मोठा.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचून काढलं. वैतरणेचं सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आज संध्याकाळी परत चिखलोलीला गेलो होतो. अपंगांच्या डब्याबद्दल वाचल्यामुळे मी या वेळी वेगळं बघितलं. गवत मेलेल्या दोन वाटा आहेत. एक सोसायट्यांकडून येते, दुसरी गावाकडून. सासऱ्यांनी दोन्ही वाटा काठी टेकत पावलांनी मोजल्या, मी वहीत लिहून घेतल्या आणि फोटो काढले. गावाकडच्या वाटेवर एक आजी कोथिंबिरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन अंबरनाथच्या बाजाराला निघाल्या होत्या. त्यांना विचारलं, स्टेशन झाल्यावर जिना कुठे हवा? त्यांनी गाठोडं न उतरवता हनुवटीनेच जागा दाखवली. सोमवारी सोसायटीचं आणि गावाचं मिळून एक पत्र देतोय, त्यात ती जागा नकाशावर खूण करून टाकली आहे.

धागा उघडाच आहे. कर्जत, कसारा, पुणे-लोणावळा, कुणीच लिहिलं नाही अजून.