नागपूर स्टेशनवर गाडीतल्या माणसाला डबा दिलाय का? आपापले अनुभव लिहा

दिल्ली–चेन्नई न हावडा–मुंबई, दोन्ही लाइनी आपल्या नागपुरातच एकमेकींना कापतात, त्यामुळे लांब जाणारा कोणी न कोणी नातेवाईक आपल्या स्टेशनवरून जातोच, आणि फोन येतो, "गाडी साडेआठला येऊन राहिली." मग घरभर धावपळ. प्रवासातल्या माणसाला घरचं खाऊ घालणं मला फार मोलाचं वाटतं. ओळखीचा असो की अनोळखी, कोणाला काय दिलं ते मोकळेपणानं लिहा.

महालहून:
आमची नणंद चेन्नईला असते. तिच्यासाठी दशम्याच करते मी, कणीक पूर्ण दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब लावायचा नाही, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत जवसाची चटणी न गूळ. हिवाळ्यात सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली वडी, असतेच, पण ती त्याच रात्री संपवा म्हणून बजावून सांगते, आतलं सारण टिकत नाही. आणि डबा श्रीखंडाचा रिकामा, म्हणजे परत करायची कटकट नाही.

धंतोलीहून:
एसी डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत हे ध्यानात ठेवा, घेणाऱ्यानं गाडी थांबायच्या आधीच दारात यायला पाहिजे. डब्याचा नंबर आधी विचारून ठेवायचा, कारण बऱ्याच गाड्या पाच-दहा मिनिटंच थांबतात न डबा चुकला की पूर्ण प्लॅटफॉर्म पळावं लागतं.

अजनीहून:
मे २०२० कसा विसरणार. लॉकडाऊनमध्ये मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक स्पेशल गाड्या जाऊन राहिल्या होत्या, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, डब्यांत माणसं न लेकरं बसलेली. आम्ही मोहल्ल्यातल्या बाया सकाळी चारपासून पुऱ्या लाटायचो. भात, खिचडी ठेवलीच नाही, त्या गरमीत बंद पाकिटात दुपारपर्यंत आंबते. पुऱ्या, कोरडी चटणी, मुरमुऱ्याचा चिवडा, केळी, आणि लेकरांसाठी बिस्किटाचा पुडा वेगळा. आम्हाला आत जायची परवानगी नव्हती, पाकिटं गेटवर द्यायची, पुढे आरपीएफचे जवान वाटायचे. एका जवानानं येऊन सांगितलं की ताई, पाणी जास्त द्या, पुरी घशाखाली उतरत नाहीये लोकांच्या. दुसऱ्या दिवसापासून पुऱ्या कमी केल्या न पाण्याच्या बाटल्या वाढवल्या. खाणारा एकही चेहरा पाहिला नाही आम्ही, पण त्या महिन्याइतकं मन लावून मी कधीच स्वयंपाक केला नसेल.

मूळ नागपूरची, आता पुण्यात:
मी घेणाऱ्या बाजूची. आमची गाडी फारच लेट झाली होती, पँट्रीत चहा-बिस्किटं तेवढी उरलेली, न समोरच्या बर्थवरचे आजोबा डायबेटिसवाले, हात थरथरायला लागले त्यांचे. नागपूरला मामा उभेच होते. आमची मामी कधीच एकट्यापुरतं बांधत नाही, आजूबाजूच्या सगळ्या बर्थना पुरेल एवढं देते. आजोबांनी दोन पोळ्या न आलूची भाजी खाल्ली तेव्हा माझा जीव खाली आला.

इतवारीहून, पँट्रीत नोकरी केलेला:
सगळ्यांना जेवण वाटून झाल्यावर आमचा नंबर लागायचा, तोवर रात्रीचे अकरा वाजायचे. नागपूरला एक काकू पोराला डबा द्यायला आल्या होत्या, दारात मी उभा होतो, त्यांनी विचारलं तू जेवला का? न माझ्या हातात तर्री-पोह्याची पिशवी दिली. गाडीत वाढणाऱ्यालाही भूक असते हे त्यांना कळलं. बाकी प्रवाशांना एकच सांगणं, रेट कार्ड मागा, बिल मागा, तो तुमचा हक्क आहे.

मनीषनगरहून:
ज्यांचं नागपुरात कोणी नाही त्यांनी १३२३ ला फोन करून पीएनआर सांगितला तर सीटवर जेवण येतं, माझ्या मैत्रिणीनं मागवलंय. पण बाळाचं गरम दूध असं कुठं मिळते का? माझी वहिनी शनिवारी पहाटे तीनच्या गाडीनं नागपूरवरून जाऊन राहिली, स्लीपरमध्ये, बाळ आठ महिन्यांचं.

महालहून:
मागवू नको, घरूनच उकळून थर्मासमध्ये ने, न वेगळ्या बाटलीत उकळून थंड केलेलं पाणी दे. थर्मास वहिनीजवळच राहू दे.