मामा अवॉर्ड्समध्ये म्युझिक व्हिडिओला पुन्हा सर्वोच्च मान मिळायला हवा

रात्रपाळी

दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या, मामा अवॉर्ड्सचे निकाल लागतात आणि आपले सगळे वाद एकाच जागी फिरत राहतात: आर्टिस्ट ऑफ द इयर अमक्या ग्रुपला का, तमक्याला का नाही. मला त्याहून जुना प्रश्न विचारायचा आहे. ज्या गोष्टीसाठी हा सोहळा सुरू झाला, तिला त्यात आज काय स्थान उरलं आहे?

एमनेट या कोरियन केबल वाहिनीने १९९९ मध्ये हा पुरस्कार सुरू केला तेव्हा तो उघडउघड म्युझिक व्हिडिओंचा पुरस्कार होता. नावातच व्हिडिओ होता. सर्वोच्च पुरस्कार, म्हणजे कोरियात ज्याला देसांग म्हणतात तो, व्हिडिओला मिळायचा. पहिल्या वर्षी तो ली सुंग-ह्वान या गायकाच्या 'दांगबू'ला मिळाला, पुढच्या वर्षी जो संग-मोच्या 'आसिनायो'ला. पुढे नाव बदलून एमकेएमएफ (एमनेट केएम म्युझिक फेस्टिव्हल) झालं आणि २००६ पासून देसांगही बदलले. कलाकार, अल्बम आणि गाणं असे तीन सर्वोच्च मान ठरले आणि व्हिडिओ खालच्या यादीत गेला. २००९ मध्ये मामा (एमनेट एशियन म्युझिक अवॉर्ड्स) हे नाव आलं, २०१० मध्ये सोहळा मकाऊला गेला, मग सिंगापूर, हाँगकाँग, जपान, २०२४ मध्ये तर लॉस एंजेलिसचं डॉल्बी थिएटर. सोहळा वाढत गेला आणि व्हिडिओ मागे पडत गेला.

'आसिनायो'चा व्हिडिओ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. प्रेमगीत आहे, पण पडद्यावर व्हिएतनाम युद्ध आहे. त्या युद्धात दक्षिण कोरियाने तीन लाखांहून अधिक सैनिक पाठवले होते, आणि या जखमेबद्दल घराघरांत फार बोललं जात नसे. एका पॉप गाण्याने ते चित्र दिवाणखान्यातल्या टीव्हीवर आणलं. त्याआधी १९९८ मध्ये जो संग-मोचं पदार्पण झालं तेच मुळी चेहरा न दाखवता. पडद्यावर ली ब्युंग-हन आणि किम हा-नेउल अभिनय करत होते, गायक कुठेच नव्हता, आणि गाणं तुफान चाललं. के-पॉप आधी बघायची आणि मग ऐकायची गोष्ट झाली ती अशी. ज्या संगीताची ओळखच व्हिडिओने घडवली, त्याच्या सर्वात मोठ्या सोहळ्यात दिग्दर्शकाचं नावसुद्धा बहुतेकांना माहीत नसतं, हे मला पटत नाही.

माझं म्हणणं एवढंच: म्युझिक व्हिडिओ हा पुन्हा देसांग व्हावा, आणि तो घ्यायला दिग्दर्शकाने मंचावर यावं.

जांभळी_लाट

रात्रपाळी, इतिहास छान मांडलात, पण निष्कर्ष मान्य नाही.

१९९९ मध्ये व्हिडिओ दाखवायला वाहिनी लागायची. एमनेट १९९५ मध्ये केबल टीव्हीबरोबर सुरू झालं, त्यांना चोवीस तास दाखवायला व्हिडिओ हवे होते, म्हणून त्यांनी व्हिडिओंचा पुरस्कार काढला. तो त्यांच्या धंद्याचा भाग होता. आज व्हिडिओ यूट्यूबवर येतो, त्याचे तुकडे रीलमध्ये येतात, डान्स प्रॅक्टिसचा वेगळा व्हिडिओ येतो, साप्ताहिक म्युझिक शोमध्ये एकेका सदस्यावर लावलेला कॅमेरा येतो. यातला नेमका कुठला व्हिडिओ तुम्ही श्रेष्ठ ठरवणार? लोक गाण्यापर्यंत शंभर वाटांनी पोचतात. त्यातली एकच वाट उचलून तिला देसांग द्यायचा, हे मागे जाणं झालं.

आणि कलाकार दुय्यम कसा? बीटीएस या मुलांच्या ग्रुपला २०१६ मध्ये पहिल्यांदा आर्टिस्ट ऑफ द इयर मिळालं तेव्हा ती मुलं मंचावर रडली. एका छोट्या कंपनीतून आलेली, सुरुवातीला कुणी विचारत नसलेली मुलं. तो मान एखाद्या व्हिडिओचा नव्हता, त्यांच्या सगळ्या वर्षांचा होता. २०१९ मध्ये त्यांनी चारही देसांग (तोवर तिनाचे चार झाले होते) घेतले ते आमच्यासारख्यांनी रात्ररात्र स्ट्रीमिंग केलं म्हणूनही. नाशिकच्या एका खोलीत बसून मी मत देते, त्याला किंमत आहे असं मला वाटतं. तुमच्या रचनेत प्रेक्षक कुठे आहे?

कॅमेऱ्यामागचा

मी मुंबईत जाहिराती आणि गाण्यांचं एडिटिंग करतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपवत नाही.

जांभळी_लाट, 'कुठला व्हिडिओ' हा प्रश्न तुम्ही विचारलात, पण उत्तर तुम्हालाही माहीत आहे. कमबॅकच्या, म्हणजे ग्रुपचं नवं गाणं येण्याच्या, दिवशी सगळे ज्याची वाट बघत बसतात तो. बाकी सगळे तुकडे त्याच्या भोवती फिरतात.

'डिट्टो'चं उदाहरण घ्या. न्यूजीन्स या मुलींच्या ग्रुपचं हे गाणं २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलं आणि २०२३ मध्ये त्याला मामाचं साँग ऑफ द इयर मिळालं. शिन वू-सोक या दिग्दर्शकाने त्याचे दोन व्हिडिओ केले, साइड ए आणि साइड बी. हंडीकॅम घेऊन पाच मैत्रिणींचं चित्रण करणारी एक शाळकरी मुलगी, आणि हळूहळू शंका येते की त्या मैत्रिणी खरोखर तिथे आहेत का. बघणारा चाहता आणि पडद्यावरच्या मुली यांच्यातलं अंतर हाच त्याचा विषय आहे. जुन्या टेपचा मळकट रंग, तारखेचे आकडे, मध्येच सरकणारा फोकस, हे सगळं मुद्दाम आणि मोजून केलेलं. एडिटिंग टेबलवर बसणाऱ्याला कळतं की एवढं 'सहज' दिसायला किती शॉट टाकून द्यावे लागतात. ते गाणं डोळ्यांपुढे आणलं की लोकांना आधी त्या मुलीचा हंडीकॅम आठवतो. देसांग मात्र गाण्याला.

त्याच दिग्दर्शकाच्या कंपनीचा पुढच्याच वर्षी लेबलशी, म्हणजे ग्रुपची गाणी काढणाऱ्या कंपनीशी, वाद झाला. 'ईटीए' या दुसऱ्या गाण्याचा दिग्दर्शकाने केलेला कट त्यांनी स्वतःच्या चॅनलवर टाकला, लेबलने तो काढायला लावला, आणि मग त्यांनी आपल्या चॅनलवरून त्या ग्रुपचं सगळंच काम काढून टाकलं. कायद्याने कोण बरोबर हा वेगळा विषय. पण काम करणाऱ्याची जागा किती कच्ची आहे ते यातून दिसतं. आपल्याकडे चित्रपटाच्या गाण्यात निदान नृत्यदिग्दर्शकाचं नाव श्रेयनामावलीत असतं आणि लोक ते ओळखतात. मंचावर नाव पुकारलं गेलं की पुढच्या करारात आवाज थोडा चढतो. मान मिळाला की काय बदलतं, असं विचारणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे.

अनघा

रात्रपाळी आणि कॅमेऱ्यामागचा, भावना समजते, पण तुम्ही दोघं परीक्षकांबद्दल एक अक्षर बोलत नाही आहात, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

मामा भरवणारी कंपनी सीजे ईएनएम. वाहिनी तिची, स्पर्धांचे कार्यक्रम तिचे, त्या कार्यक्रमांतून निघालेले ग्रुप तिच्या व्यवहारातले. २०१९ मध्ये 'प्रोड्यूस' या तिच्याच स्पर्धा-मालिकेतल्या मतांची हेराफेरी उघड झाली, निर्माता आन जून-योंगला नोव्हेंबरमध्ये अटक झाली, पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली. प्रेक्षकांनी पैसे मोजून पाठवलेली मतं होती ती. आणि त्यानंतर काही आठवड्यांत त्याच वाहिनीने नागोयाच्या डोममध्ये मामा भरवलं. मागे जायचं तर २००९ मध्ये एसएम या मोठ्या संगीत कंपनीने निवडीच्या निष्पक्षतेवर शंका घेऊन आपले ग्रुप पाठवलेच नाहीत, म्हणजे गर्ल्स जनरेशन आणि सुपर ज्युनियर यांच्याशिवाय त्या वर्षाचा हिशेब मांडला गेला.

आता विचार करा. विक्री आणि स्ट्रीमिंग यांचे आकडे निदान बाहेरच्या चार्टवर तपासता येतात. 'उत्तम व्हिडिओ' हा निर्णय पूर्णपणे परीक्षकांच्या हातात जाणार. ज्या संस्थेवर मतमोजणीसाठीसुद्धा विश्वास उरलेला नाही, तिच्या हातात तुम्ही आणखी मोकळा अधिकार देताय.

आणि परीक्षक नकोत म्हणून व्ह्यूज मोजायचे म्हटलं, तर तेही पाहिलं आहे आपण. २०१९ च्या जुलैमध्ये बादशाहच्या 'पागल'ने २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज घेतल्याचं जाहीर झालं. आकडा बीटीएसच्या विक्रमाच्या पुढचा, पण त्यात विकत घेतलेल्या जाहिरातींचे व्ह्यूज होते. यूट्यूबने तो विक्रम जाहीरच केला नाही, आणि सप्टेंबरमध्ये २४ तासांच्या विक्रमांतून जाहिरातींचे व्ह्यूज वगळायचा नियम केला. पैशाने व्ह्यूज आणता येतात हे आपल्याच देशातल्या उदाहरणाने सिद्ध झालं.

जुना_श्रोता

अनघाशी सहमत. शिवाय पैशाची बाजू आणखी एक आहे. मोठ्या कंपनीचा सेट मोठा, परदेशी चित्रीकरण मोठं, व्हीएफएक्स मोठे. देसांग व्हिडिओला दिलात तर तो चार कंपन्यांतच फिरेल. गाण्यात निदान एखादा छोटा ग्रुप चार्टवर वर येऊ शकतो.

रात्रपाळी

जुना_श्रोता, खर्चाचा मुद्दा मला उलटा दिसतो. बीटीएसच्या 'स्प्रिंग डे'ला २०१७ मध्ये मामाचा बेस्ट म्युझिक व्हिडिओ मिळाला. लुंपेन्स या दिग्दर्शकाने केलेला तो व्हिडिओ लोकांच्या मनात राहिला तो झगमगाटामुळे नाही. रेल्वेचे रूळ, कपड्यांचा ढीग, समुद्रकाठी उचललेले बूट, पिवळी रिबन. कोरियातल्या असंख्य प्रेक्षकांनी त्यात सेवोल बोट पाहिली. २०१४ च्या एप्रिलमध्ये बुडालेली, ३०४ माणसं गेलेली, त्यातली बहुतेक सहलीला निघालेली शाळकरी मुलं. हा अर्थ गाण्याच्या शब्दांत थेट कुठेच नाही. तो चित्रांतून आला आणि लोकांनी तो आपलासा केला. त्या वर्षी हा पुरस्कार देसांग असता तर बातमी त्या चित्रांची झाली असती. झाली ती ग्रुपला किती ट्रॉफ्या मिळाल्या याची.

'डिट्टो'सुद्धा शाळेच्या वर्गात आणि मैदानात घडतो. पैसा नक्कीच लागतो, पण ज्या व्हिडिओंबद्दल आपण इथे भरभरून लिहितोय ते सगळ्यात महागडे आहेत म्हणून लिहीत नाही.

जांभळी_लाट, तुमच्या मताला माझा विरोध नाहीच. चाहत्यांच्या मतांवर दिले जाणारे पुरस्कार मामात आहेत आणि ते राहू द्यावेत. पण आर्टिस्ट, अल्बम, चाहत्यांची पसंती, हे सगळं फिरून फिरून फॅन्डमच्या, म्हणजे चाहत्यांच्या गोतावळ्याच्या, आकारालाच मोजतं. एक्सो या ग्रुपला २०१३ पासून सलग पाच वर्षं अल्बम ऑफ द इयर मिळालं. मला एक्सो आवडतात, तरी सांगतो, त्या निकालाची उत्सुकता कुणाला उरली होती? एक तरी मोठा पुरस्कार असा असावा जिथे निकाल आधी सांगता येत नाही.

जांभळी_लाट

फॅन्डमचा आकार म्हणजे काहीतरी कमअस्सल, हा सूर मला खटकतो. तो आकार आकाशातून पडत नाही. 'स्प्रिंग डे'चं उदाहरण तुम्हीच दिलंत ना? ते गाणं इतकी वर्षं कोरियन चार्टवर टिकलं ते लोक परत परत ऐकतात म्हणून. पिवळ्या रिबनचा अर्थ जगभर कुणी पोचवला? परीक्षकांनी नाही. चाहत्यांनी लेख लिहिले, भाषांतरं केली, एकेका फ्रेमवर चर्चा केल्या. मी सेवोलबद्दल पहिल्यांदा वाचलं तेच मुळी एका चाहतीच्या पोस्टमध्ये. व्हिडिओ वाचणारे आम्हीच आहोत, आणि आम्हालाच बाजूला ठेवून व्हिडिओचा सन्मान होणार, हे मला मान्य होणार नाही.

कॅमेऱ्यामागचा

हे तुमचं सगळ्यात मजबूत म्हणणं आहे. मग चाहत्यांनी नामांकनं निवडावीत आणि निकाल दिग्दर्शक, छायाचित्रकार, संकलक यांनी द्यावा. मामाने काही वर्षी नृत्यरचनाकार आणि व्हिडिओ दिग्दर्शक यांना वेगळे व्यावसायिक पुरस्कार दिलेच आहेत. म्हणजे कल्पना त्यांना परकी नाही, फक्त ती मुख्य मंचाच्या झोतात आणायची आहे.

अनघा

निष्पक्ष निवड हवी असेल तर कोरियात आधीच एक जागा आहे. कोरियन म्युझिक अवॉर्ड्स, २००४ पासून. समीक्षक आणि संगीताच्या क्षेत्रातली माणसं निवडतात, विक्री बघत नाहीत. बीटीएसला तिथे २०१८ मध्ये म्युझिशियन ऑफ द इयर मिळालं, म्हणजे लोकप्रियांवर तिथे बहिष्कारही नाही. तिथे व्हिडिओचा विभाग मागा, मी पहिली सही करेन.

मामासाठी माझी अट सोपी आहे. प्रत्येक परीक्षकाचं नाव आणि त्याने दिलेले गुण सोहळ्यानंतर जाहीर व्हावेत, आणि सीजे ईएनएमच्या स्वतःच्या लेबलांचे व्हिडिओ स्पर्धेबाहेर राहावेत. हे होणार असेल तर देसांग व्हिडिओला द्या, माझी हरकत नाही. नसेल होणार, तर शिन वू-सोकच्या हातात ती ट्रॉफी दिसली तरी तिचा हिशेब मी मागणारच.