भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगडच्या रानातले तुमचे अनुभव लिहा

रानजाई
भाचीने आज घाटघर रस्त्यावरचा काजव्यांचा व्हिडिओ पाठवला आणि रतनवाडीच आठवली. मे संपता संपता वळीव पडून गेला की हिरडा, बेहडा, सादडा, अख्खी झाडं लुकलुकायची. आम्ही अमृतेश्वराच्या पुष्करणीशी बॅटऱ्या बंद करून बसायचो. मामी कुणाला काडीसुद्धा ओढू द्यायची नाही. नर उजेड दाखवून मादीला बोलावतो, त्यावर गाडीचे दिवे पडले की ती खूणच बुजते. व्हिडिओत काजव्यांपेक्षा गाड्याच जास्त दिसल्या, फार वाईट वाटलं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात फिरलेल्यांनी लिहा ना. गड, पाऊस, जेवण, काहीही चालेल.

टोलारखिंड
हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट सोपी आहे, पण मजा खिरेश्वरकडूनच. खिंडीतला दगडी वाघ, मग रेलिंगचा टप्पा, मग पठारावर एकामागून एक टेकड्या. देऊळ आलं आलं म्हणता येतच नाही! केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढं पाणी, भर एप्रिलमध्ये दात वाजतात. पिंडीभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. बाबा तिथे हात जोडून किती तरी वेळ उभे होते. एरवी देवळात न जाणारा माणूस.

सुगरण_नाशिक
@टोलारखिंड बाबांचं वाचून डोळे भरले 🙏

मेघमल्हार
हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र पाहिलंय!! सकाळी पाठीवर ऊन, खाली दरीत ढग, त्यात पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपलीच सावली. मी हात हलवला तर तीही हलवतेय. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1835 मध्ये इथेच पाहिल्याची नोंद आहे. बाकी नंतर, कुकरची शिट्टी झाली.

पोरांची_आई
आमच्या सासूबाई नवरात्रात कळसूबाईला अनवाणी चढायच्या. 1646 मीटर! शिड्यांपाशी नव्या मुली घाबरल्या की मागून म्हणायच्या, "खाली नको बघू गं, माझ्या पदराकडे बघ." आता गुडघे गेलेत, तरी घटस्थापनेला पायथ्याच्या बारी गावाच्या दिशेने हात जोडतातच.

टोलारखिंड
गुडघ्यांना काय लावता त्या? आईसाठी विचारतोय.

पोरांची_आई
निर्गुडीच्या पाल्याचा शेक. डॉक्टरही चालू आहेतच.

सिएटलचा_सदा
इकडे नॅशनल फॉरेस्टमध्ये तंबू टाकला की अस्वलांसाठी खाणं कडीच्या डब्यात बंद करून लांब ठेवतो. बायको म्हणते, रतनगडाच्या गुहेत माकडांपुढे हा डबा पाहिजे होता. आमची चिवड्याची पिशवी गडावरच्या नेढ्यापर्यंतसुद्धा (कातळातलं आरपार भोक) टिकली नव्हती 😄

अकोलेकरीण
माझं माहेर राजूरकडचं. सगळ्यांना एकच विनंती, जेवण गावातल्या घरातच सांगा. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि मिळाला तर काळभात. झाकण काढलं की ओसरीपर्यंत वास येतो. चार पैसे गावात राहतात. आणि रात्री स्पीकर लावू नका हो. आमच्याकडे माणसं पहाटे उठून शेतावर जातात, रानातल्या जिवांचं तर बोलायलाच नको.

भटक्या_पुणे
सांदण दरी सप्टेंबरात होईल का? ग्रुप तयार आहे.

मेघमल्हार
अजिबात नको. वर पाऊस झाला तर खाली कळायच्या आत पाणी येतं आणि दोन्ही बाजूंना उभ्या कातळभिंती, पळणार कुठे? डिसेंबरात जा, साम्रदमधला वाटाड्या घ्या. तेव्हाही एका टप्प्यात पाणी असतंच, कपड्यांचा जास्तीचा जोड ठेवा.

सुगरण_नाशिक
@अकोलेकरीण काळभात नाशकात कुठे मिळेल? आणि ठेचा तव्यावर की खलबत्त्यात?

अकोलेकरीण
मिरची-लसूण तव्यावर भाजायचं आणि तिथेच तांब्याच्या बुडाने रगडायचं. तांदळाचं भावाला विचारून सांगते.

रानजाई
किती छान लिहिताय सगळे! भाचीला धागा पाठवलाय, तिला कळसूबाई करायचाय. एसटीने कसं जायचं?

भटक्या_पुणे
मुंबईकडून असेल तर कसाऱ्याला उतरून घोटी, तिथून बारी. घोटीला जीपही मिळतात. परतीची शेवटची गाडी आधी विचारून ठेवायला सांगा.