ताळेबंदात खाडी येतेच की

काहीजण म्हणतात की शेअर विश्लेषकाने कंपनीचा ताळेबंद बघावा, कारखान्याच्या सांडपाण्याने खाडीचं काय होतं ते प्रदूषण मंडळाने. नाही पटलं. मी मूळ चिपळूणचा, पोट मुंबईत शेअरवर अहवाल लिहून भरतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात काकांच्या दुकानात चिखलाची रेघ पंख्याच्या पात्यापर्यंत गेली होती, सिमेंटच्या गोणींचे दगड झाले. नदीकाठच्या कारखान्याला असा पूर म्हणजे बंद उत्पादन, भिजलेला माल, वाढलेला विमा. हा ताळेबंदच झाला की!

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण नि समाजाबद्दलच्या जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय. पाणी किती उपसलं, घातक कचरा किती, आसपासच्या लोकांच्या तक्रारी किती, सगळं विचारतात. पण आकडे अख्ख्या कंपनीचे, गुजरातचा प्लांट नि कोकणातला एकाच बेरजेत. ओहोटीला खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बाईची टोपली अर्धीच का भरते, हे त्यातून कसं कळणार? म्हणून मी कंपनी विश्लेषकांसाठी ठेवते त्या कॉलवर प्लांटवार सांडपाणी विचारतो. उत्तर बहुतेक वेळा, 'नंतर मेल करतो.' मेल काही येत नाही, मग मी अहवालात 'उत्तर आलं नाही' एवढंच लिहितो. साहेबांना आवडत नाही, तो भाग वेगळा.