गोंडोलाचं तिकीट कोणाच्या नावावर?

महाजन काकू (ए-302): देवरे सर, सकाळपासून तिसऱ्यांदा विचारते आहे. आपल्या सोसायटीच्या स्कीच्या सहलीत गुलमर्गच्या गोंडोलाचं, म्हणजे रोपवेचं, तिकीट कोणाच्या नावावर येणार? आमच्या दोन्ही पोरांचे पैसे मागितले, मग आधार का नाही मागितलं?

देवरे सर (बी-101): नमस्कार काकू. एजंट ओळखीचा आहे. 22 जणांचा ग्रुप म्हणून दोन्ही फेजचं (रोपवेच्या दोन्ही टप्प्यांचं) तिकीट अर्ध्या रेटात देतोय. संध्याकाळी 6 पर्यंत पैसे टाका, नाहीतर ऑफर जाईल.

भंगाळे भाऊ (सी-204): अरे भो, आम्ही जळगावच्या उन्हात वाढलेले, बर्फावर पाय ठेवला की थेट खालीच जाऊ 😂 कळण्याची भाकर आणि ठेचा घ्या सोबत, तिथे भरीत नाही मिळणार.

चौधरी काका (ए-103): पांढरी गाडी परत माझ्या जागेवर लागली आहे. कोणाची आहे?

स्नेहल (सी-401): सर राग मानू नका पण मी मागच्या वर्षी मैत्रिणींसोबत जाऊन आले म्हणून सांगते, आम्हालाही एकाने असंच स्वस्तात पीडीएफ पाठवलं होतं, तिथे गेटवर स्कॅन केलं तर चालेचना, बाहेर थंडीत दोन तास उभं राहिलो, हातमोजे ओले झालेले आणि बोटं वळत नव्हती. गोंडोला सरकारी आहे, जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनची, तिच्याच वेबसाइटवर तिकीट काढायचं, प्रत्येकाचं नाव टाकून. अर्धा रेट कुठून देणार एजंट?

देवरे सर (बी-101): स्नेहल, सगळे एजंट सारखे नसतात. मी सोसायटीसाठी धावपळ करतो, कोणी धन्यवाद म्हणत नाही.

महाजन काकू (ए-302): धन्यवाद सर. तिकीट कोणाच्या नावावर?

पाटील वहिनी (बी-303): स्कीसाठी उत्तराखंडातल्या औलीला जाऊ ना मग, जोशीमठवरून रोपवे आहे म्हणे, स्वस्त पडेल.

स्नेहल (सी-401): वहिनी, जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हाच तो रोपवे बंद केला. रस्त्याने जाता येतं, पण रोपवे धरून बजेट लावू नका.

भंगाळे भाऊ (सी-204): मग स्की शिकायचं का नाही आम्ही? माझा पोरगा तर यूट्यूब पाहून सोफ्यावरून उड्या मारी राहिला.

स्नेहल (सी-401): शिका ना भाऊ! पण पहिल्यांदा जाणाऱ्याला दुसऱ्या फेजचं तिकीट लागतच नाही. ती मधल्या कोंगडोरी स्टेशनवरून वर अफरवट डोंगरावर जाते, जवळजवळ 4000 मीटर, तिथला उतार मुरलेल्यांसाठी आहे आणि वारा सुटला, बर्फ पडला की ती फेज बंद ठेवतात. नवशिके खाली गुलमर्गच्या हलक्या उतारावरच शिकतात. मुलांसाठी सरकारी कोर्स बघा, गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंगची संस्था आहे, मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेचे कोर्स तिथून जवळच्या सोलंगला होतात. राहणं, जेवण, स्की, शिकवणारे सगळं फीमध्ये. खरी बचत तिथे आहे. आणि झेलम एक्सप्रेस आपल्या जळगावलाच थांबते, स्लीपरने जम्मूपर्यंत जा, विमानाचे पैसे वाचतील.

चौधरी काका (ए-103): झेलम ठीक, पण पांढरी गाडी???

पाटील वहिनी (बी-303): काका आमच्या पाहुण्यांची आहे, पाठवते खाली. एवढं काय, पाच मिनिटं.

चौधरी काका (ए-103): पाच मिनिटं परवापासून चालू आहेत वहिनी.

देवरे सर (बी-101): 6 पर्यंत पैसे टाका, नाहीतर ऑफर जाईल.

महाजन काकू (ए-302): सर, तुमचा मान ठेवून विचारते. नाव?

देवरे सर (बी-101): एजंटला फोन लावला. म्हणतो तिकिटं सध्या दुसऱ्या ग्रुपच्या नावावर आहेत, गुलमर्गला पोचल्यावर बदलून देईल.

स्नेहल (सी-401): सर नका हो देऊ पैसे 🙏

भंगाळे भाऊ (सी-204): देवरे सर, आतापर्यंत किती जणांनी टाकले?

देवरे सर (बी-101): चौघांनी. माझ्याच खात्यात आहेत, पुढे पाठवले नाहीत. रात्री परत करतो. स्नेहल, कोर्सची माहिती मला पर्सनलवर टाक बेटा.

महाजन काकू (ए-302): आभारी आहे सर. आता सप्तशृंगीच्या बसचाही हिशोब टाकून द्या ना, चैत्रापासून राहिलाय.